कणकुंबीचा पाऊस आणि मांडवीची सुंगटं

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला पडणाऱ्या पावसापुढं दोन वाटा असतात. इथंच उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडं निघते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते आणि पुढं कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडं जाते. त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावरचं पाणी कळसा, सुर्ला अशा नाल्यांतून म्हादईला मिळतं. म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्र गाठते. पाणलोटाची रेषा कुठं कुठं एवढी नाजूक आहे की ढग जरा इकडचा तिकडं झाला तर पाण्याचा समुद्रच बदलतो.

या पश्चिमेच्या पाण्याबद्दल आमच्याकडं चहाच्या टपरीपासून प्रचारसभेपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: एवढं पाणी समुद्रात वाया जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यानं तसं म्हटलं तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात ज्या सुंगटांसाठी, म्हणजे समुद्री कोळंबीसाठी, आपण घासाघीस करतो, त्यातली कितीतरी अशाच ‘वाया’ गेलेल्या पाण्यावर वाढलेली असतात.

खारं पाणी जड, गोडं हलकं. त्यामुळं खाडीत भरतीचं पाणी तळ धरून आत शिरतं आणि नदीचं पाणी त्याच्यावरून बाहेर सरकतं. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मे महिन्यात पणजीजवळची खाडी जवळजवळ तेवढीच खारट असते. जुलैत घाटावरचा पूर उतरला की तिथलंच वरचं पाणी जवळपास गोडं होतं. पुढं दिवाळीनंतर पूर ओसरतो तशी खारट हद्द हळूहळू पुन्हा वर चढू लागते. युरोपातल्या पुस्तकी खाड्यांत वर्षभर खाऱ्या-गोड्याचा एक समतोल टिकून असतो. आपल्या खाड्यांत तो कधी स्थिरावतच नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना ‘मान्सूनी खाड्या’ असा वेगळा वर्गच दिला आहे.

या उलथापालथीवर ज्यांचं आयुष्य बेतलेलं आहे त्यांत सुंगटं पहिली. मादी अंडी घालते ती उघड्या समुद्रात, लाखांच्या घरात, आणि पाण्यात सोडून मोकळी होते. दिवसाभरात अंड्यातून ठिपक्याएवढा जीव बाहेर पडतो. त्याला पहिले काही दिवस तोंड असून नसल्यासारखं, शिदोरी म्हणजे अंड्यातलं बलक. मग कात टाकत टाकत डझनभर अवस्था पार पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत सेंटीमीटरभर लांबीचं, काचेसारखं आरपार दिसणारं पिल्लू तयार होतं. ते किनाऱ्याकडं येतं आणि खाडीत शिरतं. थोडक्यात, जन्म समुद्रात आणि बाळपण आजोळी.

एवढासा जीव प्रवाहाविरुद्ध पोहून खाडीत येणं शक्यच नाही. तो पोहतच नाही म्हटलं तरी चालेल. भरतीचं पाणी आत येऊ लागलं की पिल्लू तळापासून वर उठतं आणि पाण्याबरोबर आत वाहत जातं. ओहोटी लागली की पुन्हा खाली बसतं, कारण तळाशी प्रवाह मंद असतो. भरतीला चार पावलं पुढं, ओहोटीला जागच्या जागी. पाण्याचा दाब आणि खारटपणा यांतले फरक ओळखून ते हे साधतं. माझ्या मते खाडीतली सगळ्यात हुशार युक्ती हीच, आणि ती करणाऱ्याचा मेंदू मोहरीएवढाही नाही.

आत आल्यावर खारफुटीच्या मुळांत आसरा मिळतो, कारण मोठ्या माशांना तिथं घुसता येत नाही. खायला कुजलेल्या पानांचा बारीक चुरा आणि त्यावर वाढलेले सूक्ष्मजीव. काही महिन्यांत सुंगटं बोटाएवढी होतात. मग जूनमध्ये पूर येतो, पाणी गोडं होतं आणि ती लोंढ्यानं समुद्राकडं निघतात. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते तो हाच काळ. आपण पावसाळ्याची बेगमी म्हणून आणलेला जवळा आणि सुकी सुंगटं संपवत असतो, तेव्हा खाडीतला माल समुद्रात पोचत असतो. ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर जाळी भरतात त्यात घाटावरच्या पुराचा वाटा असतो.

कोळंबी निवडताना एक गोष्ट बघून ठेवा. पोटाखालच्या पायांत अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला तर ती नदीची कोळंबी. समुद्री सुंगटाच्या पोटाखाली तो कधीच सापडायचा नाही. पिकलेली मादी असेल तर तिच्या पाठीवरून कवचाखाली हिरवट जाड पट्टा दिसतो, तो तिचा अंडाशय. नदीच्या मोठ्या, निळसर नांग्यांच्या कोळंबीचा प्रवास बरोबर उलटा: राहायची नदीत, पण अंडी फुटायच्या वेळी मादी खाली खाडीत येते. तिची पिल्लं निव्वळ गोड्या पाण्यात जगत नाहीत. थोडी वाढली की ती काठाकाठानं, ओल्या खडकांवरून चढत परत नदीत जातात.

खेकड्यांचंही असंच आहे. खानापूरकडं पावसाच्या तोंडाला भाताच्या बांधावर खेकडे धरतात. त्यातल्या एखाद्या मादीच्या पोटाखालची रुंद झडप उचला. आत हरभऱ्याहून लहान, पण पायांपासून नांग्यांपर्यंत पूर्ण घडलेले खेकडे एकमेकांना धरून बसलेले दिसतील. घाटावरच्या खेकड्यानं समुद्राशी नातं तोडलं आहे. अंडी थोडी आणि मोठी, पिल्लाची सगळी वाढ अंड्यातच. खाडीतल्या मोठ्या काळ्या कुर्लीनं हे नातं तोडलेलं नाही. ती चिखलात वाढते, पण अंडी सोडायला समुद्रात जाते आणि तिची अंडी दहा-दहा लाखांवर असतात. त्यातली बहुतेक पिल्लं कुणाच्या तरी पोटात जातात. कोकणातले मासे जगतात ते याच उधळपट्टीवर.

पाणी गोडं झालं की खाडीतल्या जिवाच्या अंगात पाणी घुसू लागतं आणि मीठ बाहेर झिरपतं. खेकडा कल्ल्यांतल्या पेशींनी पाण्यातलं मीठ ओढून घेतो. मासा गोड्या पाण्यात भरपूर पातळ लघवी करतो, आणि खाऱ्यात उलट पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. दोन्ही कामांना ऊर्जा लागते. म्हणून शेवटे आणि काळुंदर असे मोजकेच मासे दोन्हीकडं निवांत राहतात. जिताडाही त्यांतलाच. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे लहान जिताडे तेवढे मारत राहिलं तर माद्या तयारच होत नाहीत.

गोव्यातल्या माणसानं या भरती-ओहोटीवर एक सुंदर यंत्रणा बसवली आहे. खाजण शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीचा दाब आला की दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळं लावलं की शेतात वाढलेली सुंगटं त्यात येतात. एकाच जमिनीत भात आणि मासळी.

आता वादाच्या पाण्याकडं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात चाललेल्या भांडणाकडं. म्हादई लवादानं 14 ऑगस्ट 2018 रोजी दिलेल्या निवाड्यात खोऱ्याचं भरवशाचं पाणी सुमारे 188 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) धरलं आहे. कर्नाटकाला 13.42 टीएमसी मिळालं. त्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठी, वापरून नदीत परत सोडायचं. मलप्रभेत वळवायचं ते 3.90. हे आकडे बघून उद्या खाडी मरेल असं म्हणणं मला पटत नाही, आणि काहीच होणार नाही हेही नाही. वर्षाच्या बेरजेत मुख्य गोष्ट लपते. पाऊस चार महिन्यांचा, आणि फेब्रुवारी ते मे खारट हद्द कुठवर चढेल ते झऱ्यांच्या बारीक धारेवर ठरतं. जुलैच्या पुरातून उचललेली बादली खाडीला कळतही नाही, एप्रिलमधली कळते. टीएमसीच्या प्रत्येक आकड्याशेजारी महिना लिहिलेला असायला हवा.

पूर्वेच्या वाटेवर तर हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. समुद्रातून कृष्णेमार्गे मलप्रभेकडं यायचं तर विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर अशी रांग आहे, त्यातली दोन धरणं शंभर मीटरहून उंच. ओला खडक चढणाऱ्या कोळंबीला ती चढता येत नाहीत. आज आतल्या तळ्यांत ही कोळंबी वाढवायची तर पिल्लं उबवणी केंद्रातून आणावी लागतात, आणि त्या केंद्रात त्यांच्यासाठी समुद्राचं पाणी गोड्यात मिसळून लिटरमागं साधारण 12 ग्रॅम मिठाची खाडी टाकीतच तयार करतात.