विद्यापीठीय नेतृत्व व व्यवस्थापन, विकसनशील देशांतील

विद्यापीठाची दिशा ठरवणारे पदाधिकारी आणि त्याचे रोजचे काम चालवणारी यंत्रणा यांची कुवत वाढवण्याच्या प्रयत्नांना मिळून ही संज्ञा वापरतात. तिच्यात दोन वेगळी कामे येतात. नेतृत्वाकडे कोणते विषय शिकवायचे, कोणाला नेमायचे, पैसा कोठून आणायचा हे निर्णय असतात. प्रवेश, परीक्षा, निकाल, पगार, संलग्नीकरण (महाविद्यालयांना विद्यापीठाशी जोडून घेणे) आणि हिशेब वेळेवर उरकणे हे व्यवस्थापनाचे काम. अहवालांमध्ये पहिल्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. विद्यार्थ्याची गाठ मात्र दुसऱ्याशीच पडते. कुलगुरूंचे नाव न सांगता पदवी घेऊन बाहेर पडलेले हजारो जण भेटतील, पण परीक्षा विभागाची खिडकी न आठवणारा एकही भेटणार नाही.

मराठीत ‘कुलपती’ म्हणजे राज्यपाल आणि ‘कुलगुरू’ म्हणजे विद्यापीठाचे प्रत्यक्ष प्रमुख. हिंदीत मात्र प्रमुखालाच ‘कुलपति’ म्हणण्याची रीत होती, म्हणून हिंदी बातमी वाचणाऱ्या मराठी माणसाचा हमखास घोटाळा होई. अलीकडे मध्य प्रदेश आणि राजस्थान या राज्यांनीही ‘कुलगुरु’ हा शब्द स्वीकारला आहे.

पूर्वपीठिका

आशिया-आफ्रिकेतील बहुतेक जुन्या विद्यापीठांचा सांगाडा वसाहतकाळातला आहे. चार्ल्स वुडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची आणि शिकवण्याचे काम महाविद्यालयांवर सोडायचे, अशी ही विभागणी होती. अशा संस्थेला पूर्णवेळ प्रमुखाची गरज वाटत नसे. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग (१८९२) हे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि कुलगुरुपद त्यांच्याकडे मानाचे पद म्हणून आले होते. कुलगुरू पूर्णवेळ आणि सवेतन असावा, अशी शिफारस राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) केली. पुढे कोठारी आयोगानेही (१९६४–६६) या पदाचा तपशिलात विचार केला. आफ्रिकेत युगांडातील मेकेरेरे आणि नायजेरियातील इबादान ही महाविद्यालये बराच काळ लंडनच्याच पदव्या देत होती. स्वातंत्र्यानंतर इमारती वाढल्या, विद्यार्थी कैक पटींनी वाढले, पण परीक्षेभोवती बांधलेला जुना सांगाडा तसाच राहिला. भारतात तर आजही तोच आहे.

१९८० च्या दशकात कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा कल प्राथमिक शिक्षणाकडे होता. उच्च शिक्षणावरचा सरकारी खर्च फारसा फलदायी नाही, असा सूर तेव्हा होता. २००० मध्ये जागतिक बँक आणि युनेस्को यांनी नेमलेल्या कृतिगटाने हा सूर बदलला. मॅम्फेला रॅम्फेले आणि हेन्री रोसोव्स्की हे त्याचे सहअध्यक्ष होते. निधीबरोबरच कारभाराची घडी हाही विकसनशील देशांतील विद्यापीठांचा मोठा प्रश्न आहे, हे या गटाच्या अहवालाने ठळकपणे मांडले. जर्मनीतील उच्च शिक्षण क्षेत्रातल्या दोन संघटना २००१ पासून विकसनशील देशांतील अधिष्ठाता (विद्याशाखेचे प्रमुख) व कुलगुरूंसाठी संयुक्त प्रशिक्षण चालवतात. भारत सरकारने २०१८ मध्ये प्राध्यापकांना नेतृत्वाचे प्रशिक्षण देणारा ‘लीप’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात दोन आठवडे देशातील नामवंत संस्थेत आणि एक आठवडा परदेशी विद्यापीठात, अशी तीन आठवड्यांची आखणी होती. दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था हे काम त्याआधी अनेक दशके करत आली आहे.

नाशिक : एका शहरातील तीन तऱ्हा

हा विषय महाराष्ट्रात पाहायचा तर नाशिकसारखे सोयीचे ठिकाण नाही. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, तर दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. दोघांचेही कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य. म्हणजे गडचिरोलीच्या परिचर्या महाविद्यालयाचा निकाल आणि सिंधुदुर्गातल्या गृहिणीची बी.ए.ची गुणपत्रिका नाशिकहून निघते. याच शहरातल्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांचे विद्यापीठ मात्र दोनशे किलोमीटरवर पुण्यात आहे. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले तेव्हा धुळे-जळगाव तिकडे गेले आणि नाशिक पुण्याकडेच राहिले. साऱ्या महाराष्ट्राची दोन विद्यापीठे सांभाळणाऱ्या गावातल्या पोराला स्वतःच्या कागदावरच्या सहीसाठी पहाटेची शिवशाही धरावी लागते, हा विनोद नाशिककर गेली कित्येक वर्षे करत आले आहेत.

मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी स्वतंत्र कायद्याने झाली. देशातील हे पाचवे मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले हे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. नेतृत्वाने संस्था कशी घडते याचा अभ्यास करणाऱ्याने या विद्यापीठाची पहिली काही वर्षे जरूर पाहावीत. येथे संलग्न महाविद्यालये नव्हती. होती ती अभ्यासकेंद्रे, आणि तीही दुसऱ्यांच्या महाविद्यालयांत, रविवारी उघडणारी. शिकवणारे ‘संमंत्रक’ आणि केंद्र चालवणारे ‘केंद्रसंयोजक’ यांची मूळ नोकरी दुसरीकडे. ज्यांचा पगार आपल्या हातात नाही, बदली आपल्या हातात नाही, त्यांच्याकडून राज्यभर एकसारखे काम करून घ्यायचे होते. या कामाला हुकूमशाही वृत्तीचा प्रशासक चालला नसता. त्यामुळे भर पडला छापील स्वयं-अध्ययन पुस्तकांवर, ठरलेल्या वेळापत्रकावर आणि विभागीय केंद्रांवर. ‘अभ्यासक्रम’ न म्हणता ‘शिक्षणक्रम’ म्हणण्याची येथली सवयही त्याच काळातली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य ऐकायला गोड आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ पुस्तकांचे गठ्ठे वेळेवर केंद्रावर पोचणे असाच होतो. ते उशिरा पोचले की वर्ष हातचे जाते. (ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले ते यशवंतराव संरक्षणमंत्री असताना नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते.)

आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना १९९८) अडचण वेगळी आहे. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या अशा अनेक शाखा त्याच्याकडे आहेत आणि बहुतेक शाखांची राष्ट्रीय परिषद किंवा आयोग निराळा. प्रवेश दुसरी यंत्रणा करते, अभ्यासक्रमाची चौकट दिल्लीत ठरते, रुग्णालये शासनाची किंवा खासगी संस्थाचालकांची. विद्यापीठाच्या हाती मुख्यत्वे संलग्नीकरण आणि परीक्षा उरतात. म्हणून येथे नेतृत्वाची कसोटी परीक्षेच्या गुप्ततेत आणि वेळेत लागते. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडा वेळ आधी केंद्रांना ऑनलाइन पाठवण्याची पद्धत त्यातूनच आली. गाडीतून गठ्ठे नेण्याचा धोका त्याने टळला, पण शेवटच्या तासाची जबाबदारी केंद्रावरच्या माणसावर आली. २०२१ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांची कुलगुरुपदी नेमणूक झाली. लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी विद्यापीठाच्या प्रमुखपदी येणे ही राज्यात नवलाची गोष्ट होती.

तिसरी तऱ्हा संस्थाचालकांची. मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) आणि गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) या नाशिकच्या दोन जुन्या शिक्षणसंस्था. सोसायटीच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयाने १९२४ पासून जिल्ह्याला पदवीधर पुरवले. ‘मविप्र’चा कारभार सभासदांच्या मतदानाने ठरतो. सरचिटणीस, सभापती, तालुका संचालक अशी पदे, पॅनल, चिन्हे, गावोगावच्या सभा असा या निवडणुकीचा थाट एखाद्या विधानसभेला लाजवील असा असतो. प्राध्यापकमंडळी याकडे नाक मुरडून पाहतात. मला ते अर्धेच पटते. द्राक्षबागा सांभाळणारा निफाडचा शेतकरी आपल्या तालुक्यातील महाविद्यालयाच्या कारभाराचा जाब मागू शकतो, ही सोय विद्यापीठाच्या अधिसभेतही (प्रतिनिधींच्या सभेतही) इतकी थेट नाही. तोटा असा, की प्राचार्याचे आयुष्य दोन निवडणुकांच्या मधल्या अवकाशात मोजले जाऊ लागते. कोणते पद भरायचे आणि कोणाला कोठे पाठवायचे, हे ठरवताना गुणवत्तेच्या जोडीला गोतावळाही पाहिला जातो.

कायदा आणि खुर्ची

राज्यातील बहुतेक अकृषी विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ लागू आहे. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. नाशिकची दोन्ही विद्यापीठे स्वतःच्या वेगळ्या कायद्यांनी चालतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नव्या कायद्याआधी राज्याने अरुण निगवेकर, अनिल काकोडकर आणि राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखाली तीन समित्या नेमल्या होत्या. १९९४ च्या जुन्या कायद्यात अधिष्ठाते निवडून येत. आता ते नियुक्त होतात. निवडणुकीचे राजकारण कमी व्हावे हा त्यामागचा हेतू. राजकारण त्यामुळे संपले नाही, त्याचा मुक्काम मतपेटीकडून नामनिर्देशनाच्या यादीकडे हलला. कुलगुरूंसाठी शोधसमिती किमान पाच नावे सुचवते आणि कुलपती त्यांतून एकाची निवड करतात. मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते.

पाच वर्षे ऐकायला पुरेशी वाटतात. पहिले वर्ष फायली समजून घेण्यात जाते. मधली वर्षे नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन संस्थेकडून होणारे मूल्यांकन, अधिसभेच्या सभा, न्यायालयातील दावे आणि मंत्रालयाच्या खेपा खातात. शेवटच्या वर्षी कार्यालयात पुढच्या नावाची कुजबुज सुरू होते आणि टिपणी ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली परत येते. कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, अधीक्षक ही मंडळी तीस-तीस वर्षे तेथेच असतात. कोणता नियम कोणत्या परिपत्रकाने शिथिल झाला, हे त्यांना तोंडपाठ असते. विद्यापीठाची खरी स्मरणशक्ती या टेबलांवर असते, प्रशिक्षणाच्या यादीत मात्र ही टेबले क्वचितच असतात.

‘प्रभारी’ हा त्याहून जुनाट आजार आहे. कुलसचिव प्रभारी, परीक्षा संचालक प्रभारी, प्राचार्य प्रभारी. प्रभारी माणूस सही करतो ती रोजच्या कामापुरती. वाद होईल असा निर्णय तो पुढच्या माणसासाठी राखून ठेवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. खालच्या पायरीवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. ज्याची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, त्याने विभागाची पाच वर्षांची योजना आखावी ही अपेक्षा कागदावरच शोभते.

व्यवस्थापन कोसळले की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अनुभवले. लाखो उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी एकाच हंगामात सुरू करण्यात आली. पुरेशी पूर्वतयारी नव्हती, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तंत्र चुकीचे नव्हते. प्राध्यापकांना ते शिकवायला आणि थोड्या विषयांवर आधी चालवून पाहायला जो वेळ लागतो, तो दिला गेला नाही.

पैशाच्या बाजूने मेकेरेरेचे उदाहरण वारंवार दिले जाते. १९९० च्या दशकात या विद्यापीठाने शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने प्रवेश देऊन सरकारी निधीवरचे अवलंबित्व कमी केले. काही वर्षे जगभर त्याचे कौतुक झाले. मग वर्ग ओसंडू लागले आणि त्याच यशावर टीका होऊ लागली. आपल्याकडच्या विनाअनुदानित तुकड्यांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

प्रशिक्षणाची मर्यादा

बहुतेक कार्यक्रमांचा भर दूरदृष्टी, बदलाचे व्यवस्थापन, आंतरराष्ट्रीय सहकार्य अशा विषयांवर असतो. त्यांचा उपयोग होत नाही असे नाही. दुसऱ्या देशातला अधिष्ठाताही शिक्षकांच्या रिक्त जागांनीच गांजला आहे, हे कळल्याने निम्मे दडपण उतरते. पण परतल्यावर त्याच्यासमोर संलग्नीकरणासाठी महाविद्यालयाची पाहणी करणारी स्थानीय चौकशी समिती उभी असते. महाविद्यालयीन बोलीत तिचे नाव ‘एलआयसी’. ती येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयात नवी पुस्तके दिसू लागतात, प्राचार्यांचा रक्तदाब वाढतो. समितीतले सदस्यही उद्या आपल्या महाविद्यालयात अशीच समिती येणार हे जाणून असतात, म्हणून जेवण चांगले होते आणि अहवालही. संलग्नीकरणाची ही रीत टप्प्याटप्प्याने पंधरा वर्षांत बंद करून महाविद्यालयांना स्वायत्त करावे, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःचा परीक्षा नियंत्रक, स्वतःचे अभ्यासमंडळ आणि हिशेब सांभाळणारी माणसे लागतात. एका विद्यापीठात जमली नाही ती यंत्रणा शेकडो ठिकाणी उभी करायची आहे, आणि तिची माणसे आज कोणत्याच प्रशिक्षणाच्या बाकावर बसलेली नाहीत.

पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रासाठी दिंडोरी तालुक्यातील शिवनई येथे जागा देण्यात आली आहे. उपकेंद्र, पदवीचे कागद आणि स्थलांतर प्रमाणपत्र हे शब्द जिल्ह्यातले विद्यार्थी एका दमात उच्चारतात. इमारत किती मजल्यांची, हे त्यांतला कोणी विचारत नाही. तेथे बसणाऱ्या अधिकाऱ्याला कोणत्या कागदावर सही करण्याचा अधिकार असेल आणि कोणता कागद अजूनही पुण्याला जाईल, एवढेच ते विचारतात.