काडतुसांच्या हातभरणीतील एकसारखेपणा

रायफलीच्या काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील प्रायमर (आघाताने पेटून दारूला ठिणगी देणारी छोटी टोपी), धूररहित दारू आणि गोळी. झाडलेली पुंगळी पुन्हा आकारात आणून त्यात हे घटक स्वतः भरणे म्हणजे हातभरणी किंवा रीलोडिंग. बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून अचूकतेसाठी होणारी नेमबाजी) व लांब पल्ल्याचे नेमबाज ही खटपट मुख्यतः अचूकतेसाठी करतात. गोळी किती वेगाने सुटते याला त्यात दुय्यम स्थान आहे. प्रत्येक गोळी त्याच वेगाने आणि तशीच सुटते का, हा खरा प्रश्न.

वेगातला फरक अंतराबरोबर झपाट्याने अंगावर येतो. सेकंदाला ८०० मीटर वेगाच्या गोळीत १० मीटरचा फरक पडला, तर १०० मीटरवर मारा जेमतेम २ मिलिमीटर वरखाली होतो. ९०० मीटरवर मात्र तो पाव मीटरभर किंवा अधिकही सरकतो. त्यामुळे जवळच्या लक्ष्यावर सुरेख गट (एकमेकींजवळ लागलेल्या गोळ्या) देणारी भरणी लांबवर उभ्या रेषेत पसरलेली दिसते.

दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम). मापी यंत्र आकारमानावर चालते आणि दांडीसारखे लांब दाणे त्यात अडकतात; म्हणून काटेकोर माणूस प्रत्येक मात्रा तराजूवर तोलतो. मात्र बरेच जण येथेच सगळी चिकाटी खर्च करतात आणि पुंगळीकडे दुर्लक्ष करतात.

वास्तविक निम्मे काम पुंगळीचेच आहे. तिच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. झाडताना ती फुगते, पुन्हा आकार देणाऱ्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबली जाते, आणि या ओढाताणीत पितळ कडक होत जाते. कडक झालेली मान (गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग) डायमधून सुटताच किंचित पुन्हा उलगडते. मग एका पुंगळीत गोळी घट्ट बसते, दुसरीत सैल, आणि वेग बदलतो. गोळी बसवताना प्रेसच्या (भरणीच्या दाबयंत्राच्या) दांड्याला कमीजास्त जोर लागला, तर हा फरक हाताला लगेच कळतो. त्यावर उपाय मान आणि खांदा (मानेखालचा उतार) क्षणभर तापवून मऊ करण्याचा. बुडाला मात्र आच लागता कामा नये, कारण चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या पोकळीत) ज्या भागाला भिंतीचा आधार नसतो तो हाच. बोल्ट रायफलीसाठी (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायच्या) डायमध्ये खांदा साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटरच मागे ढकलतात; त्याहून जास्त दाबल्यास पुंगळी बुडाजवळ ताणली जाऊन लवकर तुटते. एकाच कंपनीच्या व तितक्याच वेळा झाडलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

गोळी किती खोल बसली हे टोकावरून मोजत नाहीत. टोके थोडीफार वेडीवाकडी असतात. नळीतील आटे (गोळीला फिरकी देणारे आतले सर्पिल कंगोरे) गोळीला जिथे प्रथम भिडतात, त्या घेरापासून पुंगळीच्या बुडापर्यंतचे अंतर कंपॅरेटर या मोजणीच्या जोडसाधनाने मोजतात.

भरणी जमली की नाही हे क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेगाचा पसारा पाहून आणि लक्ष्यावर ठरते. तीन गोळ्यांच्या गटावर निष्कर्ष काढणे फसवे, कारण त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. दहा किंवा अधिक गोळ्यांवर चित्र बरेच स्पष्ट होते.

दारूची मात्रा नेहमी प्रकाशित तक्त्यातल्या किमान आकड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. पुंगळी, प्रायमर, गोळी यांपैकी काहीही बदलले, किंवा गोळी आट्यांना टेकेल इतकी पुढे बसवली, तर दाब वाढू शकतो; अशा वेळी पुन्हा खालच्या मात्रेवर यावे लागते.