एकाच वर्षातले दोन कायदे: महाराष्ट्र, गोवा आणि कॅसिनोंवरचे नियंत्रण

1976 साली महाराष्ट्र आणि गोवा या शेजाऱ्यांनी जुगाराविषयी एकेक कायदा केला आणि दोन्ही कायद्यांचे पुढे उलटेच झाले. महाराष्ट्राने कॅसिनोला परवाना देऊन कर घेणारा कायदा केला, पण राज्यात एकही कॅसिनो उघडला नाही. गोव्याने सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा कायदा केला आणि त्याच कायद्याच्या आधारावर आज मांडवी नदीत कॅसिनोंची जहाजे उभी आहेत. कॅसिनोविषयी सध्या जो वाद चालतो तो बहुतेक कराच्या दराभोवती फिरतो. मागचा इतिहास पाहिला तर खरी अडचण दुसरीकडे दिसते: परवाना आधी दिला गेला, नियम नंतर आले आणि देखरेख करणारा सर्वांत शेवटी, तोही तिजोरीच्या खात्यातून.

आपल्याकडचा जुगाराचा कायदा मुळात इंग्रजी अमलातला. 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा उत्तर आणि मध्य भारतातल्या प्रांतांसाठी होता. मुंबई इलाख्याने 1887 साली स्वतःचा जुगार प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्रात पोलीस आजही त्याच कायद्याखाली गुन्हे नोंदवतात. पत्त्यांच्या क्लबवर धाड पडली की कलम 4 आणि 5, रस्त्यावर मटक्याचे आकडे घेणारा सापडला की कलम 12(अ): गावोगावच्या वार्ताहरांना हे आकडे पाठ असतात. त्या काळच्या राज्यकर्त्यांपुढे अड्डे मोडायचा प्रश्न होता. परवाना देऊन हिशेब तपासायचा विचार या कायद्यांत नव्हता, म्हणून तसली यंत्रणाही नव्हती.

राज्यघटनेने जुगार आणि पैजा हा विषय राज्यसूचीत टाकला, नोंद 34. त्यावरचा कर तेव्हा नोंद 62 मध्ये होता. त्यामुळे प्रत्येक राज्य आपला निर्णय घ्यायला मोकळे झाले. पुढे 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही असे ठरवले. खटला होता शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा आणि एका बाजूला होते तेव्हाचे मुंबई राज्य. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचा आणि महाभारतातल्या द्यूताचा दाखला दिला. या निकालाचा व्यवहारातला अर्थ असा की कॅसिनो चालवणे हा कोणाचा हक्क नाही, राज्याने दिलेली सवलत आहे. सवलत म्हटली की अटी घालण्याची पूर्ण मुभा राज्याला मिळते. ती मुभा किती वापरली गेली, हे पुढे दिसेलच.

महाराष्ट्राचा 1976 चा कायदा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाचा. ते दिवस आणीबाणीचे होते. मुंबईत तेव्हा मटक्याचे राज्य होते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून निघालेला हा धंदा, कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या हाती, गिरणगावातल्या चाळीचाळींत पोचला होता. कामगाराच्या पगारातून रोज जाणारा हा पैसा कोणत्याही वहीत येत नव्हता. अशा शहराच्या राज्याने कॅसिनोसाठी परवाना आणि कर यांची चौकट कागदावर आणली खरी, पण कायद्यात एक नेहमीचे वाक्य होते: सरकार अधिसूचना काढेल त्या दिवसापासून तो अमलात येईल. ती अधिसूचना कधी निघालीच नाही. सरकारे बदलली, पर्यटन वाढवायचे म्हणून मागण्या झाल्या, 2015 मध्ये प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयातही गेले. अखेर 2023 मध्ये मंत्रिमंडळाने कायदा रद्द करायचे ठरवले आणि निरसनाचे विधेयक विधिमंडळापुढे आले. कॅसिनो राज्यात येऊ देणार नाही, ही भूमिका गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उघडपणे मांडली होती. जवळजवळ 47 वर्षे एखादा कायदा ना लागू ना रद्द अशा अवस्थेत ठेवणे मला योग्य वाटत नाही. विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा निर्णय इतका काळ टांगून ठेवायचा अधिकार मंत्रालयाला असू नये.

गोव्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झालेला गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा जत्रांतल्या आणि बाजारांतल्या जुगाराच्या पटांवर रोख धरून होता. 1992 मध्ये त्यात कलम 13-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत नाणे टाकून जुगार खेळायची यंत्रे (स्लॉट मशीन) ठेवायला परवानगी मिळाली. चारच वर्षांनी जहाजांवर टेबलावरचे खेळ चालतील अशी तरतूद आली. 'कॅराव्हेला' हे पहिले जहाज 2001 च्या सुमारास मांडवीत सुरू झाले. तेव्हापासून दोन नियम शेजारीशेजारी नांदतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात रूलेटचे चाक यंत्राने फिरायला हवे, जहाजावर तेच चाक माणूस फिरवतो. आणि ही जहाजे समुद्रात नाहीत. पणजीच्या धक्क्यावरून लहान बोटीत बसले की काही मिनिटांत जहाजावर, आणि रात्री बांदोडकर मार्गावरून चालणाऱ्याला त्यांचे दिवे सतत दिसतात. गावच्या जत्रेत पट मांडणारा गोंयकार पोलिसांच्या हाती लागला तर गुन्हेगार, आणि शे-दोनशे मीटर पाण्यापलीकडे तोच खेळ परवान्यासह. हा भेद ज्याने निर्माण केला त्या कलमाला विस्तृत नियमांची जोड मात्र वर्षानुवर्षे मिळाली नाही.

2008 नंतर जहाजांची संख्या वाढली तसा विरोधही वाढला. 'आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग' या गटाने सबिना मार्टिन्स यांच्या पुढाकाराने कर्जबाजारी झालेल्या घरांचा प्रश्न सतत मांडला. विरोधी पक्षनेते म्हणून मनोहर पर्रीकर यांनी कॅसिनोंवर टीका केली होती. 2012 मध्ये ते मुख्यमंत्री झाले, कॅसिनो राहिले आणि कायद्यात दुरुस्ती झाली: 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, खेळायला फक्त पर्यटक, आणि देखरेखीला गेमिंग कमिशनर. कागदावर ही चांगली सुधारणा होती. पण स्थानिकांवरची बंदी प्रत्यक्ष लागू झाली 1 फेब्रुवारी 2020 पासून, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या काळात. आठ वर्षे! त्या आठ वर्षांत खेळून पैसा घालवलेल्या गोंयकारांचा विचार केला की ही दिरंगाई मला माफ करता येत नाही. कमिशनरचे कामही शेवटी व्यापारी कर आयुक्तांकडेच सोपवले गेले. जो अधिकारी कॅसिनोकडून महसूल गोळा करतो त्यानेच दारावर ओळखपत्रे तपासली जातात का हे पाहायचे, अशी ही रचना.

मधल्या काळात शुल्क मात्र नेमाने वाढत गेले. 2018 मध्ये जहाजांचे वार्षिक परवाना शुल्क क्षमतेनुसार 25 ते 40 कोटी रुपयांवर नेले. मांडवीतून जहाजे हलवण्याचे आश्वासन अनेकदा मिळाले, आणि दर वेळी नदीत राहण्याची मुदतही वाढवून मिळाली. जुलै 2017 मध्ये 'लकी सेव्हन' हे कॅसिनोचे जहाज पावसाळी समुद्रात भरकटून मिरामारच्या वाळूत रुतले आणि महिनोन्‌महिने तिथेच पडून राहिले. पणजीकरांनी ते रोज डोळ्यांनी पाहिले. सुरक्षा, तेलगळती आणि जबाबदारी या गोष्टी परवान्याच्या शुल्काइतक्या काटेकोर का नाहीत, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा सामान्य माणसाच्या तोंडी आला.

इतर राज्यांचे थोडक्यात सांगता येईल. सिक्कीमने 2002 मध्ये कायदा करून गंगटोकमध्ये कॅसिनो चालू दिले आणि नंतर स्थानिकांना खेळायला मज्जाव केला. मेघालयाने 2021 मध्ये गेमिंगचा कायदा केला आणि चर्च व नागरिकांच्या विरोधानंतर 2022 मध्ये मागे घेतला. दमणला जुना गोव्याचाच कायदा लागू असूनही तिथे बांधून तयार झालेल्या हॉटेलातला कॅसिनो सुरू झाला नाही.

करांचा भाग अलीकडचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोंवर 28 टक्के जीएसटी खेळाडूने चिप्स (पैशांऐवजी खेळात लावायच्या चकत्या) घेताना भरलेल्या रकमेवर लागू लागला. त्याआधी कॅसिनो आपल्या निव्वळ मिळकतीवर कर भरत होते. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर पुन्हा कर नाही, पण न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी भरलेला कर परत मिळत नाही. गोव्याने जीएसटी परिषदेत याला विरोध नोंदवला. सप्टेंबर 2023 मध्ये कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्प या कंपनीला जुन्या कालावधीच्या करासाठी 11,139 कोटींची नोटीस आली आणि कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले. 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्के झाला. त्याच्या महिनाभर आधी संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा मंजूर केला होता, त्यामुळे परवान्याच्या जागी बसून खेळला जाणारा जुगार हाच आता उघडपणे चालणारा मुख्य प्रकार उरला आहे.

म्हणूनच पुढच्या सुधारणेत दराआधी देखरेखीचा प्रश्न सुटायला हवा. गोव्याला कर खात्यापासून वेगळा, विधानसभेला वार्षिक अहवाल देणारा आयोग हवा. त्याच्याकडे नोंदी तपासायचे, परवाना स्थगित करायचे आणि बुडालेल्या कुटुंबाच्या अर्जावरून त्या माणसाला प्रवेश नाकारायचे अधिकार असावेत. 2012 च्या दुरुस्तीत कमिशनरची तरतूद झाली तेव्हाच हे करता आले असते.