आउटडोअर कॉइलची सफाई (कोल्हापूर)

स्प्लिट एसीच्या घराबाहेरील युनिटमधल्या कंडेन्सर कॉइलवर साचलेली धूळ, राख, तेलकट थर, पारव्यांची पिसे काढण्याचे काम. तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर दाटीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या (फिन्स) मिळून ही कॉइल बनते. १.५ टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.२ किलोवॉट उष्णता काढतो. ती उष्णता आणि कॉम्प्रेसरने (गॅस दाबणाऱ्या पंपाने) खाल्लेली वीज, दोन्ही याच कॉइलमधून हवेत जातात. फिन्समधल्या एक-दोन मिलिमीटरच्या फटी बुजल्या की वारा अडतो, नळ्यांतल्या गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढू लागतो. रात्री बिनतक्रार चालणारा एसी एप्रिलच्या दुपारी ट्रिप होत असेल, तर पहिला संशय कॉइलवर घ्यावा.

कोल्हापुरात मळ एका जातीचा नसतो आणि सफाईची रीत त्यावरूनच ठरते. गळीत हंगामात साखर कारखान्यांची धुराडी, गुऱ्हाळांच्या चुलवणात जळणारी चिपाडे आणि शेतात पेटवलेले पाचट यांची हलकी काळी राख शहराच्या कडेच्या वस्तीत येऊन पडते. ती कोरडी असताना मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने सहज निघते. आधीच पाणी मारले तर फटींत तिचा चिखल होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींकडे फाउंड्रीची वाळू आणि लोखंडाची बारीक धूळ बसते. ती ओल धरते, म्हणून तिथे वर्षभर थांबू नये.

सगळ्यात चिवट मळ मात्र स्वयंपाकघराचा. गल्लीबोळात मेसचा एक्झॉस्ट आणि शेजारच्या दुकानाचे आउटडोअर युनिट समोरासमोर येतात. रश्श्याच्या फोडणीचा तेलकट धूर कॉइलवर बसतो, त्यावर रस्त्याची धूळ चिकटते आणि हाताला चिकट लागणारा तपकिरी थर तयार होतो. नुसते पाणी त्यावरून ओघळून जाते. इथे सौम्य कॉइल क्लीनर डब्यावर लिहिल्याप्रमाणे पातळ करून फवारतात, काही मिनिटे मुरू देतात आणि भरपूर पाण्याने धुतात. बाथरूमचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरणारे कारागीर अजून भेटतात. कॉइल चकाचक दिसते खरी, पण ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

कामाला हात घालण्याआधी एमसीबी बंद करून थोडा वेळ थांबतात, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मग वरचे झाकण आणि पुढची जाळी काढून वायरिंगचा भाग प्लॅस्टिकने झाकतात. ब्रश फिन्सच्या दिशेनेच, उभा चालवायचा. युनिटमध्ये हवा मागून आणि बाजूने शिरते, त्यामुळे मळ बाहेरच्या अंगाला बसतो. पाणी आतून बाहेर मारले तरच तो सुटतो. घाईत झाकण न उघडता बाहेरूनच जेट मारण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने दर्शनी बाजू उजळते आणि मळ आणखी आत ठासला जातो, शिवाय जोराच्या धारेने फिन्स आडव्या पडतात त्या वेगळ्याच. आडव्या फिन्स सरळ करायला खास कंगवा मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ब्रॅकेटवर टांगलेल्या युनिटसाठी कारागिराला सेफ्टी बेल्ट हवाच. छज्जावर एक पाय ठेवून होणारी कामे पाहवत नाहीत.

गच्चीवरच्या उघड्या युनिटची धूळ पावसाळ्यात थोडीफार धुऊन जाते, छज्जाखालच्याची नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे पाणी युनिटमध्ये शिरले असेल, तर कॉइलच्या आधी टर्मिनल, कपॅसिटर, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) आणि पंख्याची मोटर तपासावी लागते. तोवर वीज चालू करू नये. गाळ मात्र ओला असतानाच धुवावा, वाळला की फटींत घट्ट बसतो.

एरवी सफाईला योग्य वेळ गळीत हंगाम आटोपल्यावरची, कडक उन्हाळ्याआधीची. मेसशेजारच्या युनिटला दर दोन-तीन महिन्यांनी. थंडावा कमी पडला की “गॅस संपलाय” असे सांगून गॅस भरण्याची सवय बाजारात आहे. मळलेल्या कॉइलवर जादा गॅस भरला तर दाब आणखी चढतो. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने) फरक बराचसा कळतो: गॅस कमी असेल तर करंट नेमप्लेटवरच्या आकड्याहून बराच खाली असतो, कॉइल बुजली असेल तर त्याच्या वर जातो. धुतल्यावर, युनिट पंधरा-वीस मिनिटे चालवून, तोच करंट पुन्हा मोजून घ्यावा.