जलकाठावरील अतिक्रमणांचे निवारण

समुद्र, खाडी, नदी किंवा तलाव यांच्या काठाची सार्वजनिक जमीन शेजारच्या खासगी मालकाने आपल्या वापरात ओढली असेल, तर तिची हद्द ठरवून ती पुन्हा सर्वांसाठी मोकळी करण्याची प्रक्रिया. असे अतिक्रमण एका रात्रीत क्वचितच होते. आधी हिरवळ लावली जाते, मग झुडपांची रांग, मग पायऱ्या, होडीचा धक्का, संरक्षक भिंत आणि शेवटी कुंपण. खरे तर वाट हिरवळीपाशीच बंद होते. आपण कुणाच्या तरी अंगणात शिरलो असे वाटून चालणारा मागे फिरतो.

वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा निसर्गतः सर्वांचे आहेत, हा विचार रोमन कायद्यातला. जस्टिनियनच्या इ. स. ५३३ च्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये तो नोंदला आहे. पुढे त्यातून सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व घडले : शासन अशा जमिनीचे मालक नसून विश्वस्त आहे, म्हणून ती वाटून टाकण्याची मोकळीक त्यालाही नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्याने १८६९ मध्ये शिकागोजवळ मिशिगन सरोवराचा मोठा तळभाग एका रेल्वे कंपनीला दिला आणि १८७३ मध्ये ते दान रद्द केले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये रद्द करणे योग्य ठरवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारून खासगी भाडेपट्टा रद्द केला.

निवारणाचे बहुतेक यश मोजणीवर ठरते, कारण पाण्याची हद्द स्थिर नसते. अनेक देशांत समुद्रकाठी भरतीची रेषा आणि तलाव-नदीकाठी नेहमीच्या उच्च पाण्याची खूण प्रमाण मानतात. गाळ साचून जमीन हळूहळू वाढली तर हद्दही सरकते, पण पुराने पात्र एकदम बदलले तर जुनी हद्द सहसा कायम राहते. स्वतः भराव टाकून काठ पुढे ढकलणाऱ्याला मात्र ती वाढ सहसा मिळत नाही. जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे ताडून काठावर दगड रोवल्याशिवाय नोटीस काढणे घातक ठरते. चुकीच्या रेषेवरची एक नोटीस न्यायालयात पडली की पुढच्या खऱ्या नोटिसांचाही धाक जातो.

दुसरा शत्रू म्हणजे काळ. भारतात १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार शासनाला दाव्यासाठी ३० वर्षे मिळतात. इंग्लंडमध्ये राजसत्तेच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर प्रतिकूल ताबा (म्हणजे दीर्घकाळच्या उघड कब्जाच्या बळावर मालकी) सांगायला ६० वर्षे लागतात. मुदत लांब असली तरी गप्प बसणे महागच पडते, कारण दरम्यान घर विकले जाते आणि नवा मालक प्रामाणिकपणे ते अंगण आपलेच समजून पैसे मोजतो.

म्हणून तडजोडीचे मार्ग पुढे आले. किरकोळ बांधकामाला मुदतीचा, शुल्कासह आणि रद्द करता येणारा परवाना देतात. मालकी सार्वजनिकच असल्याचे त्यात लेखी मान्य करून घेतले जाते. काही ठिकाणी घर विकताना बांधकाम काढण्याची अट असते. स्पेनने १९८८ च्या किनारा कायद्याने किनारपट्टीतील खासगी मालकी संपवून जुन्या मालकांना ३० वर्षांचा, आणखी ३० वर्षे वाढवता येणारा वापरहक्क दिला; २०१३ च्या दुरुस्तीने तो ७५ वर्षांपर्यंत नेला. मूळ तडजोड समंजस होती, नंतरची वाढ मात्र काठावरच्या लोकांना झुकते माप देणारी आहे.

अतिक्रमण नियमित करण्याचा, म्हणजे मागाहून कायदेशीर ठरवण्याचा, मोह सर्वांत धोक्याचा. जगपाल सिंग प्रकरणात (२०११) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यावरची घरे नियमित करण्यास नकार दिला आणि अपवाद भूमिहीनांसारख्या दुर्बलांपुरता किंवा शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक उपयोगापुरता ठेवला. निवाऱ्यासाठी काठावर आलेले आणि बागेसाठी काठ घेणारे यांत हा फरक करायलाच हवा.

काढकामातही घाई नडते. जुनी संरक्षक भिंत एकदम पाडली तर काठ खचतो, म्हणून ती टप्प्याटप्प्याने काढून उतार पसरट करतात आणि खोल मुळांची स्थानिक झाडे लावतात. त्यानंतर पायवाट आखून हद्दीचे दगड दिसतील असे ठेवतात.