मीटरजवळचा फ्यूज घराचं वायरिंग वाचवत नाही

"मीटरपाशी वीज कंपनीचा फ्यूज आहे, मग घरातल्या वायरिंगला धोका नाही" हे बऱ्याच जणांना खरं वाटतं, आणि वाटणं साहजिकच आहे कारण फ्यूज तिथे असतोच. पण तो कंपनीच्या केबलसाठी असतो. समजा तो 60 अँपिअरचा आहे आणि घरातली 1.5 स्क्वेअर एमएमची वायर साधारण 15 अँपिअरची, तर 40 अँपिअर गेले की वायरचं इन्सुलेशन वितळायला लागेल, फ्यूज मात्र तसाच राहील! वायर वाचवतो तो आपल्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच. त्यावर सी16 असं काही लिहिलेलं असतं, तो 16 म्हणजे अँपिअर, आणि वायरची साईझ तिच्या इन्सुलेशनवरच छापलेली असते. दोन्हींचा मेळ बसतो का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, कंपनीच्या सीलला हात लावू नका.