नवतपात टीव्हीमागचा डबा

"दादा, ह्या डब्यात भूत शिरलं वाटते. रात्री सिनेमा मस्त चालते, दुपारी अडकते."

मे महिन्यात नागपूरच्या प्रतापनगरहून मावसभावाचा फोन आला. त्याने तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर मागवून भिंतीवरच्या टीव्हीच्या पाठीला चिकटवला होता. पहिला संशय अर्थातच इंटरनेटवर. पण सिनेमा पेन ड्राइव्हवर होता, त्यामुळे इंटरनेट निर्दोष सुटलं.

खरा प्रकार समजायला थोडा हिशेब लागतो. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला 3 बाइट धरले तर एक चित्र 6.2 एमबीचं. सेकंदाला 25 चित्रं म्हणजे 155 एमबी, आणि दोन तासांचा सिनेमा 1.1 टीबीच्या आसपास! तोच सिनेमा पेन ड्राइव्हवर दोन-तीन जीबीत मावतो, कारण फाइलमध्ये पूर्ण चित्रं क्वचितच असतात. जामठ्याच्या मैदानावर चेंडू सीमेकडे धावतो तेव्हा गवत तेच, पंच तेच, प्रेक्षकांचा रंगीत ठिगळ तोच. मग फाइल एवढंच सांगते: मागच्या चित्रातला हा तुकडा उचला, चार ठिपके डावीकडे सरकवा. ही घडी घालायचे नियम काळानुसार बदलत गेले: एच.264 आला 2003 साली, एचईव्हीसी 2013 मध्ये, एव्ही1 2018 मध्ये. प्रत्येक नवा नियम फाइल आणखी लहान करतो आणि उलगडणाऱ्याचं डोकं आणखी खातो.

उलगडायच्या दोन पद्धती. एक, चिपमध्ये त्याच कामासाठी कोरलेलं वेगळं सर्किट. ते थोड्याशा विजेत काम उरकतं. दुसरी, असं सर्किट नसेल तर मुख्य प्रोसेसरने घाम गाळायचा. सर्किट नंतर बसवता येत नाही, अपडेटने तर नाहीच. भावाचा सिनेमा एचईव्हीसीचा, आणि डब्यातल्या सर्किटला तो नियम कळत नव्हता. म्हणून मुख्य प्रोसेसरचे चारही कोअर, म्हणजे काम करणारे भाग, पूर्ण ताकदीने जुंपलेले.

आणि इथे नागपूर मधे येतं. चिप किती तापेल हे भोवतालच्या हवेवर ठरतं. समजा, एवढ्या कामात ती हवेपेक्षा 45 अंश वर जाते. खोली 22 अंशांवर असेल तर चिप 67 वर, आरामात. आपल्याकडे रात्री 30 अंशांच्या खोलीत 75, तेही चालून जातं. पण नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांतल्या, दुपारी भिंत आणि टीव्ही यांच्या फटीत हवा 42 अंशांची. बेरीज गेली 87 वर. रास्पबेरी पायसारखी बोर्डं, म्हणजे एकाच पट्टीवरचे छोटे कॉम्प्युटर, 80 अंशांपासूनच जीव वाचवायला वेग कमी करू लागतात. वेग कमी झाला की चित्रं वेळेवर उलगडत नाहीत, आणि नायिका अर्ध्या वाक्यात थिजते.

म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलात की "रॅम किती?" हा प्रश्न दुसरा ठेवा. आधी विचारा, एचईव्हीसी आणि एव्ही1 चिपच्या सर्किटमध्ये आहे का? दुकानदार बहुधा छताकडे पाहील, तेव्हा प्रोसेसरचं नाव लिहून आणा आणि घरी शोधा. इंटेलची एन100 ही चिप हे दोन्ही करते आणि तिचा ठरवलेला विजेचा खप जेमतेम 6 वॅट. माझं मत तिच्याच बाजूने. रास्पबेरी पाय 5 छान यंत्र आहे, मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला तर उत्तमच. पण त्यात एचईव्हीसीचं सर्किट आहे, एव्ही1चं नाही. शिवाय ते सहसा लिनक्स या प्रणालीवर चालतं, आणि अनेक सशुल्क सेवा लिनक्सवरच्या ब्राउझरला पूर्ण दर्जाचं चित्र देतच नाहीत.

कचेरीतून निघालेले जुने छोटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि मजबूतही असतात. फक्त इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीचं घेऊ नका. 10-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा असलेल्या, एचईव्हीसीचं पूर्ण सर्किट तिथून सुरू होतं. आणि टीव्ही 4केचा असेल तर कॉम्प्युटरला एचडीएमआय 2.0 (टीव्हीच्या वायरचं भोक) आहे का ते पाहा. 1.4 असेल तर 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच पोहोचतं. सिनेमाला चालेल, क्रिकेटला खटकेल.

विजेचं म्हणाल तर 10 वॅटचं यंत्र रोज पाच तास चाललं तरी महिन्याला दीड युनिट. कूलरचा पंप आणि पंखा त्याहून कितीतरी जास्त ओढतात.

चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. काचेच्या नळीच्या टीव्हीपासून चालत आलेली ओव्हरस्कॅनची ती खोड आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बंद होते.

भावाला नवा डबा घ्यायची गरज पडली नाही. लांब एचडीएमआय वायर घेऊन आम्ही तो टीव्हीमागून काढला आणि शोकेसच्या उघड्या फळीवर उभा ठेवला, कूलरच्या हवेच्या वाटेवर, पण तुषार पोहोचणार नाहीत इतका लांब. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याचा मेसेज आला. सिनेमा चालत होता. आता वहिनींची तक्रार होती की शोकेसमधला गणपती डब्यामागे झाकला गेला.